उठायची शिट्टी

गेल्या आठवड्यात मी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. फार काही झालं नाही. कोपराला खरचटलं आणि कमरेला मुका मार बसला. पण घरात असा हलकल्लोळ माजला की विचारू नका. सून गॅसवरचं दूध तसंच टाकून धावली, मुलगा अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या तोंडाने धावला, आणि शेजारच्या बाई कुठल्या वाटेने आत आल्या ते मला अजून कळलेलं नाही. तिघांनी मिळून माझे हात धरले आणि ओढायला सुरुवात केली. मी ओरडले, "सोडा मला! आधी सगळे खाली बसा!"

सगळे थबकले. सुनेने मुलाकडे पाहिलं. सासूबाईंच्या डोक्याला लागलं की काय, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी पुन्हा दरडावलं, "बसा म्हणते ना! जमीन कुठं पळून चालली नाही."

हे वाक्य माझं नाही, दामूअण्णांचं आहे. माझ्या तोंडून ते असं अचानक निघालं, आणि मग कंबर शेकत पडल्या पडल्या दोन दिवस अण्णाच डोळ्यांसमोर येत राहिले. माणूस शहाणा होता की चक्रम, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं आणि आज त्यांच्या वयाची झाल्यावरही ठरवता येत नाही. आमच्या ह्यांना मी कितीदा अण्णांबद्दल सांगायला घेतलं, पण दरवेळी गोष्ट संपेपर्यंत वेगळाच माणूस तयार व्हायचा. शेवटी हे म्हणायचे, "तुझे अण्णा नक्की किती होते?"

तर अण्णा एकच होते. राहुरीच्या बाहेर, मुळा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नगरच्या एका धान्यव्यापाऱ्याची पेरूची बाग होती. मरताना त्याने ती बाग आणि बागेतलं घर निराधार म्हाताऱ्यांसाठी ठेवलं. जातपात पाहायची नाही असंही बजावून ठेवलं. त्याला कुणी आश्रम म्हणे, कुणी म्हाताऱ्यांची बाग म्हणे. ज्यांना कुणी नाही, किंवा आहेत पण नसल्यासारखेच, असे वीसेक जण तिथे राहत. कारभार तिघा पंचांकडे होता. त्यातले दोघे नावाला. तिसरे वकीलसाहेब मात्र दर शनिवारी नगरहून आगगाडीने येत, सगळ्यांची विचारपूस करत आणि पेरू खाऊन परत जात. आश्रमाचे व्यवस्थापक म्हणजे दामूअण्णा. मी नगरच्या एका दवाखान्यात सुइणीचं आणि नर्सचं थोडंफार शिकले होते, म्हणून त्यांच्या हाताखाली मला घेतलं. लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर रेशनवर होती, आणि मला स्वतःच्या शिक्षणाचा फार अभिमान होता.

अण्णा पूर्वी एका हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी, तूप लावल्यासारख्या चकचकीत बुटांवर गुडघ्यापर्यंत मोजे आणि गळ्यात काळ्या गोफात पितळी शिट्टी. आश्रमातले सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नोकरी सुटली, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. खर्ड्याला एक पुतण्या होता म्हणे, पण त्याचं नाव निघालं की अण्णा बुटाला पॉलिश करायला घेत. फाटकाजवळची एक खोली एवढंच त्यांचं घर होतं, आणि ती खोली व्यवस्थापकाची होती.

त्यांची बोलायची पद्धत मोठी विचित्र. कुणी भेटलं की आपण तोंडाकडे पाहतो. अण्णा पायांकडे पाहत. "काय, पाय काय म्हणत्यात?" ही त्यांची विचारपूस. माणसं ते पायांवरून ओळखत. कुणाचं धोतर घोट्याच्या खाली लोंबताना दिसलं की लांबूनच "धोतर वर!" अशी आरोळी येई, आणि ओसरीवरचे सगळेच पुरुष दचकून आपापली धोतरं वर ओढून घेत. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा मारलेला असे आणि दर अमावास्येला तो नवा मारला जाई. ओसरीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून संडासापर्यंत खांब रोवून त्यांनी मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधला होता, धरून चालायला. हा नाडा आणायला ते स्वतः घोडेगावच्या बाजारात गेले होते. दुकानदाराने विचारलं, "बैल केवढा हाय?" अण्णा म्हणाले, "बैल न्हाई, म्हातारी मान्सं बांधायचीत." दुकानदाराने नाडा द्यायलाच नकार दिला. शेवटी बाजारातल्या चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून गैरसमज मिटवला. ही गोष्ट अण्णा स्वतःच सांगत आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कधीच कळत नसे.

माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो. मी नवी पांढरी साडी नेसून, करकर वाजणाऱ्या चपला घालून बागेत पाऊल टाकलं आणि समोर पेरूच्या झाडाखाली एक म्हातारा धाडकन पडला. हा धोंडिबा. जातीचा धनगर, जन्मभर मेंढरांमागे जामखेडच्या माळावर हिंडलेला. त्याला काठी नको होती आणि बसायला सांगितलं तर राग येई, म्हणून तो सगळ्यांत जास्त पडे. मी धावले. इतक्यात लांबलचक शिट्टी झाली. आणि काय सांगू, अख्खी बाग खाली बसली. ओसरीवरच्या बाया बसल्या, नाडा धरून चाललेला एक आजोबा नाड्याखालीच बसला, स्वयंपाकीण हातात पळी घेऊन दारात बसली, झाडांना पाणी घालणारा माळी आळ्यातच बसला. उभी राहिलेली मी एकटी.

"तुमास्नी येगळं आमंत्रण पायजे का?" अण्णा गरजले. "बसा खाली! जमीन कुठं पळून चालली न्हाई."

मी नव्या साडीनिशी चिखलात बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाने. मग अण्णा निघाले, अगदी सावकाश, शाळेची रांग तपासत चालल्यासारखे. धोंडिबापाशी गेले आणि त्याला हात न लावता त्याच्या शेजारी चक्क आडवे झाले. टोपी काढून पोटावर ठेवली.

"काय दिसतंय हितून?" त्यांनी विचारलं.

धोंडिबा कण्हत म्हणाला, "तुमच्या नाकातलं क्यास."

सगळी बाग हसली. धोंडिबाही हसला. मग अण्णांनी त्याला पायाची बोटं हलवायला सांगितली, कुठं दुखतं ते स्वतःच्या हाताने दाखवायला सांगितलं, आणि नंतर सुरू झालं त्यांचं ड्रिल. एक, कुशीवर. दोन, ढोपरावर. तीन, हात स्टुलावर. चार, बूड स्टुलावर. धोंडिबा स्वतःचा स्वतः उठला, त्याला कुणी उचललं नाही. तो नीट बसल्यावर अण्णांनी दोन छोट्या शिट्ट्या मारल्या, आणि तेव्हाच बाकीचे उठले. उठायची शिट्टी झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही असा दंडक होता. त्यामुळे आश्रमातला भात बरेचदा खाली लागलेला असे.

हे सगळं कुठून आलं ते मला येसूबाईने सांगितलं. येसूबाई वांबोरीची, आठवडी बाजारांतून भाजी विकून एकटीने आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा. अण्णा नवीन असताना धोंडिबा विहिरीपाशी पडला. त्याला उचलायला येसूबाई धावली, ती घसरली. तिला धरायला रहीमचाचा धावले, ते तिच्या अंगावर पडले. रहीमचाचा पूर्वीचे नालबंद. घोडा-बैलांना नाल मारून मारून पाठीचं धनुष्य झालेलं. "एका म्हाताऱ्यापायी तिघं आडवी," येसूबाई मनगट दाखवून म्हणाली. ते वाकडंच बसलं होतं. "तवापासनं मास्तरांनी ही शिट्टी काढली. येक पडला तर येकच पडू द्या, म्हनले."

एवढं कळल्यावर मला ते शहाणे वाटले. पण दुसऱ्याच दिवशी एक मांजर कौलावरून पडलं, तर अण्णांनी शिट्टी मारून आम्हा सगळ्यांना बसवलं आणि मांजरापाशी आडवे झाले. मांजर पळून गेलं. आता अशा माणसाला काय म्हणायचं?

ते आडमुठे मात्र नव्हते. देवळालीकडच्या एक आजी पायरीवरून पडल्या तेव्हा ते ड्रिल सुरू करणार एवढ्यात मला दिसलं की त्यांचं एक पाऊल बाहेर वळलंय आणि तो पाय आखूड झालाय. मी बसल्या जागेवरून ओरडले, "अण्णा, हलवू नका, खुबा मोडलाय!" ते तिथल्या तिथे थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हुकूम करा." मग मी सांगेन तसं त्यांनी केलं; पायाला फळी बांधली, आजींना बाजेसकट बैलगाडीत ठेवलं आणि नगरला जाईपर्यंत बाजेचा पाय धरून ते गाडीमागून चालत गेले. त्या आजी परत आल्या नाहीत. त्या पायरीचा चुन्याचा पट्टा अण्णा पुढे दर आठवड्याला मारत. मला त्यांनी त्या दिवसापासून सलाम ठोकायला सुरुवात केली. रोज सकाळी. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

वकीलसाहेबही एका शनिवारी शिट्टीत सापडले. सोबत कोणी मोठे पाहुणे होते. शिट्टी झाली आणि दोघे उभेच राहिले. अण्णांनी साहेब पाहिला नाही की पाहुणा पाहिला नाही. "काळा कोट, खाली!" ते ओरडले. वकीलसाहेब बसले. पाहुणेही जरीकाठी धोतर सावरत बसले. नंतर साहेब हसत हसत मला म्हणाले, "नर्सबाई, कोर्टात मी न्यायाधीशांना घाबरत नाही. पण ही शिट्टी!" साहेबांचं अण्णांवर फार प्रेम होतं. म्हणून पुढचं सगळं जास्त अवघड झालं.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी बागेत झेंडा लावायचा ठरला. अण्णांना आनंद तर झालाच होता, पण त्यांना घोर लागला होता वेगळाच. झेंड्यापुढे एवढे म्हातारे उभे राहणार, त्यात कुणाला भोवळ आली तर? त्यांनी जाहीर केलं, "सलामी बसून." मग जो गोंधळ उडाला! येसूबाई म्हणाली, "मी न्हाई बसायची. सोराज्य आल्यावर तरी उभं ऱ्हाऊ द्या." रहीमचाचा म्हणाले, "मास्तर, आजचा दिवस पडलो तरी चालेल." अण्णा बराच वेळ मिशी चावत उभे राहिले. मग मोरीकडचा नाडा सोडून आणला आणि झेंड्यापुढे दोन झाडांना बांधला. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एका रांगेत नाडा घट्ट धरून उभे राहिले. झेंडा वर गेला. अण्णांनी झेंड्याकडे एकदाच पाहिलं असेल. बाकी सारा वेळ ते रांगेतल्या पायांकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या दिवशी कुणीही पडलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णा सकाळी खोलीतून बाहेर आले ते डाव्या पायातला बूट उजव्या पायात घालून. सगळ्यांच्या पायांवर नजर ठेवणारा हा माणूस! ओसरीवर सगळ्यांनी पाहिलं. येसूबाईने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मला वाटलं घाई झाली असेल. मग एकदा ते मला 'नर्सबाई' म्हणायला गेले आणि शब्दच सापडेना, "ह्या... ह्या पांढऱ्या" म्हणाले. मी हसले, तेही हसले.

आणि मग ती दुपार आली. सगळे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शिट्टी झाली. उभे होते ते बसले, बसलेले बसूनच होते. अण्णा खोलीतून बाहेर आले आणि इकडेतिकडे पाहायला लागले.

"कोन पडलं?"

कुणीच पडलं नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"कोन पडलं? मी धप् आवाज ऐकला." ते ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. चेहरा असा झाला होता, जत्रेत हात सुटलेल्या पोराचा होतो तसा. मला तो बघवेना. तेवढ्यात रहीमचाचांनी हात वर केला. चाचा सकाळपासून पोत्यावर मांडी घालून बसले होते, जागचे हलले नव्हते.

"मी पडलो, मास्तर."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. ते सावकाश गेले, चाचांच्या शेजारी आडवे झाले, टोपी पोटावर ठेवली. चाचाही शेंगांच्या टरफलांत आडवे झाले. "काय दिसतंय हितून?" "छताला जाळं लागलंय, मास्तर." मग एक, कुशीवर. दोन, ढोपरावर. सगळं यथासांग झालं. उठायची शिट्टी झाली आणि शेंगा पुन्हा फुटायला लागल्या.

तेव्हापासून तो परिपाठच पडला. शिट्टी व्हायची, कुणी पडलेलं नसायचं, आणि कुणीतरी हात वर करायचं. म्हाताऱ्यांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. त्यांची भांडणं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. "काल मी पडले, आज तू पड." "मला न्हाई जमायचं, माझं ढोपार दुखतंय, येसूबाईला पडू द्या." धोंडिबा तर इतका रंगून पडे की खरंच लागलं की काय म्हणून मी घाबरून जाई. पुढे पुढे माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आजचं खरं की खोटं? धोंडिबा एकदा खरोखरच पडला तर मी हसत बसले होते, आणि एकदा येसूबाई सोंग करत होती तर मी तिच्या कपाळाला हळद लावली. तिने ती दोन दिवस पुसली नाही, खरं वाटावं म्हणून.

हे कुठवर चालणार, असं मी एकदा चाचांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, जनावराच्या पायात खिळा लागला तर नालबंद दुसऱ्या कुणाला सांगतो का? गपचूप काढतो." मला त्याचा अर्थ नीट लागला नाही, पण कुणाला सांगायचं धाडसही झालं नाही.

अडचण आली ती भलत्याच वाटेने. अण्णा कमालीचे सचोटीचे. दर शनिवारी वकीलसाहेब आले की पाय जुळवून उभे राहत आणि कोण कोण पडलं ते स्वतःहून सांगत. पूर्वी महिन्यातून एखादं नाव असे, तेही बहुतेक धोंडिबाचं. आता दर शनिवारी चार-पाच नावं. साहेब पेरू खाता खाता थांबायला लागले. एका शनिवारी त्यांनी मला विहिरीकडे नेलं.

"नर्सबाई, इतकी माणसं पडतात म्हणजे अण्णांच्या हातून आता देखरेख होत नाही. वय झालं त्यांचं. एखाद्या दिवशी कुणाचा जीव जाईल. मी दुसरा माणूस पाहिलाय. पुढच्या शनिवारी अण्णांशी बोलतो. खर्ड्याला पुतण्या आहे ना त्यांचा?"

काय सांगणार होते मी? कुणीच पडत नाही म्हणाले, तर अण्णा शिट्टी का मारतात हे सांगावं लागणार. पडतात म्हणाले, तर अण्णांचा दोष. खरं सांगितलं तरी त्यांची खोली जाणार, खोटं सांगितलं तरी जाणार. मी नुसतीच मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मलाही माहीत नाही.

साहेब गेल्यावर ओसरीवर येऊन मी सगळ्यांना सांगितलं. अण्णा नदीकडे फिरायला गेले होते. मग येसूबाईने कपाळावर हात मारला. "म्हंजी आमी त्येंच्यासाठी पडलो, आन् त्येंच्याच मुळावर आलो व्हय?"

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की आता कुणी पडायचं नाही. काही झालं तरी हात वर करायचा नाही.

"आणि शिट्टी झाली तर?" चाचांनी विचारलं.

"गप ऱ्हायाचं," धोंडिबा म्हणाला.

"गप राहिलो तर त्यांना कळेल, बाबा."

मी उठून उगाचच पट्ट्या गुंडाळत बसले.

तो आठवडा देवाच्या दयेने बिनशिट्टीचा गेला. शनिवार आला. अण्णांचे बूट बरोबर पायांत होते. ते धोंडिबाने पहाटेच अदलाबदल करून ठेवले होते असं मागाहून कळलं. वकीलसाहेब आले. अण्णांनी पाय जुळवले आणि अभिमानाने सांगितलं, "या आठवड्यात कुनीबी पडलं न्हाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला आशा वाटली. पण त्यांनी मनाशी काही ठरवून आणलेलं होतं. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अण्णा, जरा बसून बोलू या का? झाडाखाली?"

अण्णा एकदम ताठ झाले. कान टवकारल्यासारखी मान वळली. हात गळ्याकडे गेला आणि लांबलचक शिट्टी झाली.

आम्ही बसलो. वकीलसाहेबही सवयीने बसले.

"कोन पडलं?"

एकही हात वर झाला नाही.

"धोंडिबा, तू?"

"न्हाई जी."

"येसूबाई?"

येसूबाईचा हात मांडीवरून वर उचलला गेला आणि परत खाली गेला. तिने पदर तोंडात कोंबला.

"चाचा?"

रहीमचाचा मातीकडे पाहत होते. "नाही, मास्तर," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

अण्णा प्रत्येकापुढे जाऊन पाय पाहून आले. बागेच्या मधोमध येऊन उभे राहिले. बसलेल्या त्या सगळ्या माणसांत ते एकटेच उभे होते. "कुनीतरी पडलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मी ऐकलं. कुनीतरी पडलंय." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना हात लावून पाहिला, मग छातीला.

"मंग मीच पडलो असंल," अण्णा म्हणाले.

आणि ते खाली झाले. आधी ढोपरावर, मग कुशीवर, मग पाठीवर. आपल्या ड्रिलच्या अगदी उलट क्रमाने. टोपी काढून त्यांनी पोटावर ठेवली.

माझे पाय धावायला उठत होते आणि मी ते दोन्ही हातांनी दाबून धरले होते. येसूबाई हुंदके देत होती. वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या हुशार माणसाला त्या क्षणी सगळं उमगलं असावं. ते उठले नाहीत. बसल्या बसल्या, हातांवर रेटत, काळ्या कोटासकट ते अण्णांपर्यंत सरकत गेले आणि त्यांच्या शेजारी मातीत आडवे झाले.

"काय दिसतंय इथून, अण्णा?"

अण्णांनी मान वळवून एक एक करत आम्हा सगळ्यांना पाहिलं.

"समदी बसल्यात, साहेब," ते म्हणाले. "कुनीबी धावलं न्हाई."

मी आयुष्यात फार वेळा अशी रडलेली नाही. मग साहेबांनी ड्रिल घ्यायला सुरुवात केली आणि 'एक, ढोपरावर' म्हणाले. "कुशीवर आधी!" अण्णा पडल्या पडल्या खेकसले. "कुशीवर, मंग ढोपरावर. वकील झाला तरी रीत ती रीत." स्टूल माळ्याने बसल्या बसल्या सरकवत आणलं. अण्णा उठले, बसले, आणि त्यांनीच दोन छोट्या शिट्ट्या मारल्या.

खर्ड्याचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही. नवा माणूस आला, पण तो ओसरीच्या टोकाच्या खोलीत राहिला. फाटकाजवळची खोली अण्णांचीच राहिली, गळ्यातली शिट्टीही. अण्णांना कुणी काय म्हणून ठेवलं होतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. अण्णा नव्या माणसाला आपला मदतनीस समजत. नवा माणूस अण्णांना तिथे राहणाऱ्यांतले एक समजत असावा. पण शिट्टी झाली की तोही बसायला शिकला.

पुढे माझं लग्न ठरलं. मी निघाले त्या दिवशी अण्णा फाटकाशी उभे होते. डाव्या-उजव्याची पुन्हा गफलत झाली होती. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "नव्या चपला? जपून." आणि सलाम ठोकला. मला कोण म्हणून ठोकला, कुणास ठाऊक.

टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच मागून शिट्टी झाली. मी टांगा थांबवायला सांगितलं आणि कुंपणावरून वळून पाहिलं. सगळे खाली बसले होते, नवा माणूससुद्धा. मधोमध अण्णा उभे होते आणि चहूकडे पाहत होते. मग एक हात वर झाला. येसूबाईचा असावा. लगेच दुसरा झाला. मग तिसरा, चौथा. बघता बघता सगळ्या बागेने हात वर केले. आधी कुणापाशी जावं ते अण्णांना कळेना. ते एकदा इकडे वळत होते, एकदा तिकडे.

"काय झालं बाई?" टांगेवाल्याने विचारलं. "चला की. गाडी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं. "उठायची शिट्टी झाली नाही अजून."